दोघांच्या सह्या

‘सौंदर्य वस्तूत असतं की पाहणाऱ्याच्या नजरेत?’ हा प्रश्न जगात पहिल्यांदा ज्यानं विचारला, तो मनुष्य बायकोबरोबर पडद्याचं कापड घ्यायला कधी गेलेला नसणार. गेला असता तर प्रश्न पडलाच नसता. सौंदर्य वस्तूत नसतं, आपल्या नजरेत तर नसतंच नसतं. ते बायकोच्या नजरेत असतं, आणि दुकानदाराला हे आधीपासून ठाऊक असतं. म्हणून तर तो ठाण तिच्यापुढे उलगडतो आणि आपल्यापुढे फक्त बिल ठेवतो.

पण मोठमोठ्या लोकांना हा प्रश्न पडला खरा, आणि तो आजकालचा नव्हे, चांगला दोन-अडीच हजार वर्षांचा आहे. एवढ्या अवधीत भाऊबंदकीतल्या जमिनीचा दावासुद्धा निकालात निघतो. हा मात्र अजून बोर्डावरच आहे. कारण दोन्ही पक्षकारांकडे पुरावा भक्कम आहे, आणि दोघांचेही साक्षीदार ऐन वेळी फुटतात.

पहिला पक्ष वस्तुवाद्यांचा. त्यांचं म्हणणं असं, की गुलाब सुंदर आहे तो गुलाब आहे म्हणून. तुम्ही त्याच्याकडे पाहा, पाठ करा, नाहीतर नाक शिंकरा. गुलाबाला त्याचं सोयरसुतक नाही. दुसरा पक्ष नजरवाद्यांचा. ते म्हणतात, गुलाब म्हणजे नुसत्या पाकळ्या. तुम्ही पाहता तेव्हा तो सुंदर होतो. बोकडाला विचाराल तर तो त्याच गुलाबाला ‘चविष्ट’ म्हणेल, आणि त्याचंही काही चुकलं नाही.

आपल्या पूर्वजांनी या वादात कोणालाच दुखावलेलं नाही. त्यांनी दोन्ही पक्षांना पुरतील एवढ्या म्हणी करून ठेवल्या. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण नजरवाद्यांची: डोंगर तोच, फक्त अंतर बदललं आणि साज उतरला. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ हा तर त्या पक्षाचा जाहीरनामाच म्हणायला हवा. उलट ‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही’ ही म्हण वस्तुवाद्यांची. तुम्ही टोपली घाला, पांघरूण घ्या. पूर्वेला जे तांबडं व्हायचं ते होणारच.

आता मी पडलो कॉमर्सचा माणूस. सौंदर्यशास्त्र आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. होतं ते ‘गुडविल’. म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, पण ज्याची किंमत ताळेबंदात दाखवावी लागते. त्यामुळे अगदीच परकं वाटायचं कारण नव्हतं. हौसेनं वाचनालयातून मर्ढेकरांचं ‘सौंदर्य आणि साहित्य’ आणलं. साहित्य अकादमीनं १९५६ साली ज्याला पुरस्कार दिला, तेच हे पुस्तक. मर्ढेकर संवाद, विरोध आणि समतोल अशा तीन लयी सांगतात. ‘समतोल’ हा शब्द वाचल्यावर मला परगावी आपला गाववाला भेटावा तसं झालं. पूर्वी संध्याकाळी तेरीज जुळली, नावे आणि जमा पैशाचाही फरक न पडता समोरासमोर उभे राहिले, की आमच्या अकाउंटंटसाहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते मी ताजमहालापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावरही पाहिलेलं नाही. मर्ढेकर म्हणतात ती लय हीच की दुसरी, हे विचारायला कोणी जवळ नव्हतं. मग रा. भा. पाटणकरांची १९७४ सालची ‘सौंदर्यमीमांसा’ आणली. तीनदा मुदत वाढवून घेतली. चौथ्या वेळी ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “वाचताय, की लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवलाय?”

परदेशात डेव्हिड ह्यूम नावाचे एक स्कॉटिश तत्त्वज्ञ होऊन गेले. रसिकतेच्या मापावर त्यांनी लिहिलेला निबंध १७५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ते आधी नजरवाद्यांची बाजू झकास मांडतात आणि मग ‘डॉन क्विक्झोट’मधल्या सांचो पान्झाचा एक किस्सा सांगून हळूच पलीकडे सरकतात. सांचोच्या दोन नातेवाइकांना पिंपातली दारू चाखायला बोलावलं होतं. पहिला म्हणाला, “उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते.” दुसरा म्हणाला, “उत्तमच, पण मला लोखंडाची चव आली.” लोक पोट धरून हसले. पण पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली निघाली, चामड्याची वादी बांधलेली!

हा किस्सा मला फार पटला, कारण आमच्या शाखेत असे एक हेड कॅशियर होते. नोटा मोजताना ते समोरच्या माणसाशी गावाकडच्या पावसाबद्दल बोलत असत. बोलता बोलता बोट थांबायचं. शंभर नोटांतली एक नोट न पाहताच बाहेर निघायची आणि ते म्हणायचे, “ही आपली नव्हे.” मग ती उजेडात धरायची, धागा बघायचा, यंत्रात घालायची, यंत्र ओरडायचं. साहेबांचं बोट यंत्राच्या आधी ओरडलेलं असायचं. आता नोटेत काहीतरी खोट होतीच, म्हणून तर बोटाला कळली. पण तेच बोट नसतं, तर ती नोट सुखानं बंडलात जाऊन बसली असती. मी स्वतः तीच नोट दहा वेळा चाचपली, मला फक्त कागद लागला.

नजरवाद्यांचा सर्वांत मोठा पुरावाही मी काउंटरच्या आतल्या बाजूनंच पाहिला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री पाचशे आणि हजारच्या नोटांची चलनातली पत गेली. तोच कागद, तीच शाई, तेच गांधीजी, तसंच हसू. पण संध्याकाळी ज्या नोटेला लोक कपाटात कुलपाआड ठेवत होते, तीच नोट मग अंगावरची पाल झटकावी तशी काउंटरवर टाकत होते. नोटेत काही बदललं नव्हतं. बदललं ते सगळं पाहणाऱ्यांत. त्या आठवड्यात माझी खात्री पटत चालली होती, की सौंदर्याचंही असंच असावं. चार लोकांनी मानलं की आहे, नाही मानलं की रद्दी.

आणि याला दाखला आहे. २१ ऑगस्ट १९११ रोजी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून ‘मोनालिसा’ चोरीला गेली. व्हिन्चेन्झो पेरूजा नावाच्या एका इटालियन कारागिरानं ती भिंतीवरून काढून चक्क घरी नेली. पुढे डिसेंबर १९१३ मध्ये ती फ्लॉरेन्समध्ये सापडली. पण चोरीनंतर काय झालं पाहा. संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा लोकांनी गर्दी केली, ती चित्र जिथे होतं ती रिकामी जागा पाहायला! भिंत आणि हूक. मला याचं नवल वाटलं नाही. ‘काउंटर बंद आहे’ अशी पाटी लावलेल्या खिडकीपुढेही रांग लागते हे मी रोज पाहतो. पुढे माणूस उभा असला की मागे उभं राहायचं, हा मनुष्यस्वभाव आहे. तरी पण रिकाम्या भिंतीत जर लोकांना बघण्यासारखं काही सापडत असेल, तर वस्तुवाद्यांनी वकीलपत्र परत करावं हे बरं.

इथवर पारडं नजरवाद्यांकडे झुकलं होतं. तेवढ्यात आमच्या घरात एक नवा साक्षीदार उभा राहिला.

साक्षीदार म्हणजे माझी आई. वय वर्षं एकाहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचा विषय काढला की, “मला सगळं स्वच्छ दिसतं” असं ती ठणकावून सांगायची. फक्त आम्ही दाराशी उभे असायचो आणि ती कपाटाला सांगत असायची. शेवटी तिनं एकदा आमटीत मिठाऐवजी साखर घातली आणि नातवानं “आजी, आज आमटी मस्त झालीय” असं म्हटलं, तेव्हा ती स्वतःच घाबरली आणि तयार झाली.

डॉक्टर मोठे समजावून सांगणारे होते. म्हणाले, “डोळ्यातलं भिंग वयाप्रमाणे पिवळट होत जातं, पुढे तपकिरी. पिवळी काच निळा रंग अडवते. हे इतकं सावकाश होतं, की माणसाला पत्ताच लागत नाही. त्याला वाटतं, जगच मळत चाललंय.” हे ऐकल्यावर ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणणाऱ्या तमाम ज्येष्ठ मंडळींबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. ती बिचारी खोटं बोलत नसतात. त्यांचं भिंग बोलत असतं.

आधी उजवा डोळा आणि काही आठवड्यांनी डावा, असं ठरलं. बाहेर माझा चहा पिऊन होतोय तोवर आतलं भिंग बदलूनही झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि आमच्या घराचं इन्स्पेक्शन सुरू झालं. बँकेत इन्स्पेक्शनची निदान आधी कुणकुण तरी लागते.

“हा ओटा कधीपासून असा आहे?” हा पहिला शेरा. मग पंख्याची पाती, मग दिवाणाखालचा कोपरा, मग देवघरातल्या समईचा बुडखा. आमची ही दोन दिवस फडकं घेऊन मागे मागे फिरत होती. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, “आईंचं ऑपरेशन झालं आणि आपलं घर एकदम घाण झालं हो.” नजरवादाची इतकी नेमकी व्याख्या मला एकाही ग्रंथात सापडली नव्हती.

मग माझी पाळी. आईनं मला उजेडात उभं केलं आणि म्हणाली, “अरे, तुझे केस कधी पिकले?”

“बरीच वर्षं झाली, आई.”

“मला कोणी सांगितलं नाही ते!” जणू काही वर्षभर भाडेकरू ठेवला होता आणि घरमालकिणीला पत्ता नाही. मग ती आरशापुढे गेली. तिथे मात्र बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी स्वतःशीच म्हणाली, “अगदी माझ्या आईसारखी दिसायला लागले की मी.” आवाजात तक्रार नव्हती. बऱ्याच दिवसांनी माहेरचं माणूस भेटल्यासारखा आवाज होता.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्याचं व्हायचं, अशा त्या मधल्या दिवसांत आईला एक खेळ सापडला. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं आणि एकेक डोळा झाकून बघायचं. उजव्यानं आभाळ निळं, डाव्यानं चहा सांडल्यासारखं. उजव्यानं जास्वंदीची पानं हिरवीगार, डाव्यानं सुकत घातलेली. उजवा, डावा, उजवा, डावा. समोरच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी हा प्रकार दोन दिवस पाहिला आणि तिसऱ्या दिवशी आपल्या गॅलरीला पडदा लावला.

पण विचार करा. अडीच हजार वर्षं विद्वान ज्या प्रश्नासाठी भांडले, ते भांडण आमच्या आईच्या नाकाच्या दोन बाजूंना समोरासमोर येऊन बसलं होतं. आभाळ एक, बाई एक, वेळ तीच. आणि दोन डोळ्यांचे दोन निकाल.

असंच एका मोठ्या माणसाचं झालं होतं. क्लोद मोने हे फ्रेंच चित्रकार. झिव्हेर्नी गावात स्वतः केलेल्या बागेतली कमळं त्यांनी वर्षानुवर्षं रंगवली. १९१२ साली त्यांना मोतीबिंदू असल्याचं निदान झालं. पुढे रंग ओळखू येईनात, तेव्हा ते ट्यूबवरची नावं वाचून रंग घेऊ लागले. खातेदाराचा चेहरा न बघता खाते नंबरावरून काम करण्यासारखंच ते. त्या काळातली त्यांची जपानी पुलाची चित्रं तांबूस, तपकिरी, पेटल्यासारखी आहेत. १९२३ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि मग सगळं नको इतकं निळं दिसायला लागलं म्हणून रंगीत काचांचे चष्मे आले. स्वतःची काही चित्रं त्यांनी पुन्हा रंगवायला घेतली. आणि गंमत अशी, की मोतीबिंदूतून पाहिलेली ती तांबडी चित्रं आज मोठमोठ्या संग्रहालयांत मानानं टांगलेली आहेत. म्हणजे डोळ्याचा दोष डॉक्टरांच्या वहीत दोष म्हणून लागला आणि भिंतीवर सौंदर्य म्हणून. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र मोनेंनी अखेरपर्यंत करू दिलं नाही.

आमच्याकडेही नेमकं तेच होऊन बसलं. डाव्या डोळ्याची तारीख जवळ आली तशी आई टाळाटाळ करायला लागली. कधी गुडघा दुखायचा, कधी अमावस्या यायची. शेवटी मी जरा आवाज चढवला, तेव्हा म्हणाली, “राहू दे रे एक डोळा असाच. एका डोळ्यानं सगळं खरं बघते. दुसऱ्यानं तुम्हाला बघेन.”

यावर काय बोलणार? डाव्या डोळ्यात माझे केस अजून काळे होते, सुनेचा ओटा लख्ख होता. कोणता मुलगा असा डोळा काढून घ्या म्हणून सांगेल?

त्या आठवड्यात माळ्याखालचं एक गाठोडं सोडायची वेळ आली. आईनं ऑपरेशनच्या दोन महिने आधी जुन्या सुती साड्या गोधडीसाठी बाजूला काढून बांधून ठेवल्या होत्या. गोधड्या शिवणाऱ्या बाई यायच्या होत्या, पण त्यांच्या घरी नातवाचं बारसं निघालं आणि त्या आल्या नाहीत. आता निरोप आला, उद्या येते. आई खाली बसून साड्या निवडायला लागली, कुठली आत आणि कुठली वर. मी शेजारी पेपर वाचत होतो. एकदम तिचा आवाज आला, “ही कोणाची आली यात? नवी दिसतेय.”

तिच्या हातात एक इरकल होती. लाल काठाची, टोपपदराची आणि निळी.

या साडीचा इतिहास आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. चाळीसएक वर्षांपूर्वी बाबा ऑफिसच्या कामाला सोलापूरला गेले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा, आणि शेवटच्यांदा, आपल्या मनानं साडी घेऊन आले होते. बाबांना रंग दोनच कळत: धुतलेला आणि मळका. असा माणूस असला निळा रंग घेऊन आला याचंच आईला तेव्हा अप्रूप. पावसाळ्यात दिवे लागायच्या जरा आधी आभाळ होतं ना, तसा तो निळा, असं ती सांगायची. हळदीकुंकू, बारसं, माझी मुंज, सगळीकडे ती इरकल मिरवली. मग कधीतरी आई म्हणायला लागली, की हिचा रंग विटला. कच्चा रंग होता. सोलापूरच्या दुकानदारानं यांना फसवलं. बाबा नेहमी म्हणायचे, “मला तर निळीच दिसते बुवा.” आणि आई म्हणायची, “तुम्हाला काय रंग कळतात!” या युक्तिवादाला बाबांकडे उत्तर नसे. हा खटला काही वर्षं चालला. चार वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा तो त्यांच्याविरुद्ध निकाली निघालेला होता.

आईनं साडी गॅलरीत नेली. उजवा डोळा झाकला. मग डावा झाकला. मग पुन्हा उजवा. यावेळी खेळ नव्हता तो. बऱ्याच वेळानं म्हणाली, “रंग साडीचा गेला नव्हता रे. माझा गेला होता.”

मी गप्प.

“आणि बोलणी त्यांनी खाल्ली.”

तिचे डोळे भरून आले तसा मी घाबरलो. म्हटलं, “आई, डॉक्टरांनी डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणून सांगितलंय.”

“आत जाऊ द्यायचं नाही म्हणाले,” आई म्हणाली. “बाहेर येऊ द्यायचं नाही असं कुठे म्हणाले?” आणि पदरानं गाल पुसून, डोळ्याला हात न लावता, म्हणाली, “दुसऱ्या डोळ्याची तारीख घे. आणखी काय काय उगाच बाद केलंय ते बघायला हवं.”

तर आता निकाल काय द्यायचा? वस्तुवादी म्हणतील, बघा, साडी निळी होतीच की! कोणी पाहो न पाहो, विटली म्हणो न म्हणो, गाठोड्यात कात्रीची वाट बघतानाही निळीच होती. हे त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. नोटेची पत एका घोषणेनं जाते. साडीचा निळा रंग आईनं इतकी वर्षं ‘गेला’ म्हणून घोषित करूनही गेला नाही. पण नजरवादी विचारतील, इतकी वर्षं त्या निळ्याचा कोणाला काय उपयोग झाला? हेही खोडता येत नाही.

तत्त्वज्ञांना यातून वाट सापडली नाही याचं कारण, माझ्या मते, त्यांनी बँकेत खातं उघडताना फॉर्म नीट वाचला नसावा. एका खात्यावर दोन नावं असली की बँक विचारते, व्यवहार कसा होणार? ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकानं सही केली तरी चालेल. की ‘जॉइंटली’, म्हणजे दोघांच्या सह्या हव्यात? वस्तुवादी आणि नजरवादी, दोघांनीही सौंदर्याचं खातं पहिल्या प्रकारचं समजून आपापल्या पक्षकाराची एकट्याची सही पुढे केली. खातं आहे दुसऱ्या प्रकारचं. वस्तूची सही हवी, पाहणाऱ्याचीही हवी. एक नसेल तर चेक परत. त्यातून पाहणाऱ्याची सही वयाप्रमाणे बदलत जाते, हे तर आमच्या काउंटरवर रोजचं आहे. चाळीस वर्षांपूर्वीची नमुना सही आणि आजची सही जुळत नाही म्हणून खात्यातली रक्कम काही नाहीशी होत नाही.

अजिंठ्याचंच घ्या. तिथलं काम थांबलं आणि वस्ती उठली, त्याला हजाराहून जास्त वर्षं उलटली होती. आसपासच्या लोकांना डोंगरात लेणी आहेत हे ठाऊक होतं, पण बाहेरच्या जगाच्या लेखी ते खातं बंद होतं. आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय धरतात, आणि दहा वर्षं कोणी फिरकलं नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरी खातेदार उगवला तर पैसे परत मिळतात. अजिंठ्याची रक्कम अशीच अंधारात सुखरूप पडून होती. १८१९ च्या एप्रिलमध्ये मद्रासच्या लष्करातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्तानं तिकडे गेला, दहाव्या लेण्यात शिरला आणि त्यानं काय केलं? सही केली! तिथल्या एका चित्रावरच स्वतःचं नाव कोरून ठेवलं. दुसऱ्या सहीची गरज असते एवढं त्याला बरोबर कळलं होतं; फक्त ती डोळ्यांनी करायची असते, टोकदार हत्यारानं नव्हे, एवढंच त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आजही पर्यटनस्थळी बदामात नावं कोरणाऱ्या मंडळींना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आणि अजिंठ्यापर्यंत तरी कशाला जायला हवं? २०१९ सालापासून निघालेल्या वीस रुपयांच्या नोटेच्या पाठीवर वेरूळची लेणी आहेत. रोज किती वेळा वेरूळ माझ्या हातातून जातं आणि किती वेळा तुमच्या! भाजीवाल्याकडून कोथिंबिरीबरोबर वेरूळ परत येतं आणि आपण ते दुमडून खिशात कोंबतो. वेरूळची सही तयार आहे. आपलीच राहिली आहे.

डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता आईला दोन्ही डोळ्यांनी ओटा तसाच दिसतो, पण तिचं बोलणं कमी झालंय. एखादी वस्तू बाद करायची झाली तर ती आधी उजेडात धरते, आणि आम्हा सगळ्यांकडून एकदा पाहून घेते. गोधडीवाल्या बाई बाकीचं गाठोडं घेऊन गेल्या. इरकल धुऊन, घडी घालून कपाटात वरच्या खणात गेली.

बाबा गेले तेव्हा बँकेतल्या दोघांच्या खात्यावरून त्यांचं नाव मीच काढलं. फॉर्म भरला, दाखल्याची झेरॉक्स जोडली, आईची सही घेतली. पाच मिनिटांचं काम. या साडीच्या खात्यावर एक नाव साडीचं आहे, एक आईचं, आणि तिसरं बाबांचं. त्यावरून नाव काढायचा फॉर्म अजून कुठल्या शाखेत आलेला नाही.

परवा आमच्या हिनं कपाट आवरताना ती साडी खांद्यावर टाकून पाहिली. आरशापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “आई, काय सुंदर रंग आहे हो! मला द्याल कधीतरी?”

आईनं चष्मा न लावता लांबूनच पाहिलं.

“देईन ना. तुलाच देणार,” ती म्हणाली. “पण आणखी दहा वर्षांनी. आत्ता घेतलीस तर तुला नुसता निळा रंग दिसेल.”